चिखलात राहिलेल्या चपला

माझं लग्न कसं जुळलं, हे मी कोणालाही अभिमानानं सांगतो. मुलगी पाहायला फुलसावंगीला जाताना वाटेतल्या काळ्या चिखलानं माझ्या दोन्ही चपला गिळल्या, म्हणून अनवाणीच पोचलो. मुलीच्या वडिलांना त्याचा आनंदच झाला. मातीत अनवाणी चाललं की जमिनीची ताकद अंगात येते, यावर त्यांचा फार विश्वास.

"तुमीबी रोज अनवाणी चालता काय?" त्यांनी विचारलं.

"हो म्हण," सोबत आलेला माझा मामा कानात कुजबुजला.

मी लाजत म्हणालो, "नाही जी. चपला चिखलात राह्यल्या."

त्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात दारातून मुलगी म्हणाली, "बाबा, आधीचे दोघं तुमाले खूश कराले चपला गाडीत लपवून आलते, मी पाह्यलं. मले हेच पसंत आहेत."