ज्यानं पाडलं, त्यानं कापायचं

पिवळं कार्ड, लाल कार्ड मले नका सांगू. पन्नास-पंचावन्न साली आमच्या चामोर्शीत फुटबॉलचा नियम मी बदलला होता! धान कापणीला आलेलं, अन् सामन्यात पलीकडच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, किसनानं माझ्या धाकट्या भावाच्या, लक्ष्मणच्या, नडगीवर लाथ हाणली. घरी कापणारे आम्ही दोघंच. मी सरळ मैदानात शिरले.

"आता आमचं धान कोण कापंल?"

पंच म्हणाले, "फाऊल दिला ना, बाई."

"फाऊलनं धान कापल्या जाते का? ज्यानं पाडलं, त्यानं कापायचं!"

सगळ्या गावानं मान डोलावली. किसना आमच्या बांधीत कापणी संपेपर्यंत राबला, अन् मैदानातल्या लाथा बंद झाल्या.

लक्ष्मण आता नाही, पण पुढचा सामना आठवला की अजून हसू येते. मळणी तोंडावर होती. किसना जवळ येताच लक्ष्मण धक्का न लागताच धाडकन पडला. "आता मळणीबी मीच करू का?" किसना रडकुंडीला आला. मी पुन्हा मैदानात.

"कुठी लागलं?"

"पायाले, बाई."

"कोणत्या?"

त्यानं दोन्ही पाय धरले.

"पंचभाऊ, नवा नियम! जो खोटा पडंल, त्यानं समोरच्याची मळणी करायची."

लक्ष्मण तसाच उठला, चेंडू घेतला अन् गोल करूनच थांबला.