एसीतली जांभळी लोकर

गॅरेजच्या बाकावर शिक्षिकाबाई वह्या तपासत होत्या, पण कान शेजारी बसलेल्या आजी-आजोबांकडे होते. मेकॅनिक आजी-आजोबांच्याच गाडीतली एसीची जाळी घेऊन आला.

"आजोबा, गॅस भरपूर आहे. उंदरानं आत घर केलं होतं, म्हणून हवा अडली. मला बघून पळाला."

"बघ, मी म्हणतच होतो एसी चांगला आहे."

"तुम्ही म्हणत होतात, मला वयामुळे उकडतं."

"थाट बघा आजी उंदराचा. अख्खी लोकरीची गादी."

"दाखव रे. ही जांभळी लोकर..."

"लोकर काय गं, सगळीकडे असते."

"जांभळ्यात पिवळा टाका सगळीकडे असतो? मी तुमच्यासाठी विणलेला मफलर बसमध्ये हरवला होता ना?"

"बसमध्येच. म्हणजे, बसस्टॉपपर्यंत मी गाडीनं..."

"अर्धा अजून पुढच्या कप्प्यात आहे, आजी. नीट घडी घातलेला."

"तू जाळी धू बाबा."

"दोन महिने डोळे फोडून विणला होता मी."

"टोचायचा गं तो. मानेवर पुरळ उठायचं."

"उंदराला नाही उठलं ते."

जाळी धुऊन परत बसवली, एसी सुरू झाला. आजी-आजोबा गाडीत बसले. दारं उघडीच होती.

"अगं, काय गार आहे. दात वाजायला लागले माझे."

"मग वाटेत लोकरीच्या दुकानापाशी थांबा."

"थांबतो. मऊ बघून घे मात्र."

"तुमचा नंतर. आधी उंदराचा विणते. बेघर झालाय बिचारा, आणि त्याला कदर आहे."