वजनाखालची रेडर

जिममध्ये कोणी काही न बोलता हात बांधून उभं असलं ना, तं मले अजूनही भेव वाटते. यवतमाळले खेळाडूंच्या स्ट्रेंथ कोचिंगचं शिकून राह्यली होती मी, तेव्हाची गोष्ट. पहिल्यांदाच एक पोरगी माह्या हाती दिली, पांढरकवड्याची, कबड्डीची रेडर. खांद्यावर बार घेऊन तिनं पाच बैठका मारायच्या. मी तिच्या मांगं, अन् आमचे सर कोपऱ्यात हात बांधून.

दोन बैठका झकास झाल्या. तिसरीले तिचे कान लाल झाले.

म्हटलं, "श्वास घे."

तिचे ओठ हालून राह्यले होते, पण श्वास काही घेईना. म्हटलं, देवाचं नाव घेते का काय. चौथीले गुडघे लटपटले.

"अवो, श्वास घे ना."

सर जागचे हालले नाहीत. पाचवीले ते खाली गेली अन् तिथंच अडकली. बार एका बाजूनं कलला. म्या मांगून काखेत हात घालून तिले बारसकट वर ओढलं अन् बार कसातरी स्टॅंडवर टाकला.

ते धापा टाकत खाली बसली. मी वरडली, "श्वास काहून नाही घेतला?"

"मी कबड्डी कबड्डी म्हणून राह्यली होती, ताई. मंधात दम तुटला तं आऊट ना?"

मी बार धरून तशीच उभी, माहाच दम कोंडलेला. सर जवळ आले अन् हळूच म्हणे, "तिनं घेतला श्वास. आता तू घे."