रविवारचं पाणी

रविराज : चहा घेतो, आई. पण विहीर कुठाय ते आधी सांग.

सोजरबाई : पाच वर्षांनी हॉलंडहून आलास आन् पहिली विहीर इचारतोस?

रविराज : माझं सगळं संशोधन त्या विहिरीवर आहे. आप्पा, ती पेरूच्या झाडापाशी होती ना?

आप्पासाहेब : ती पांढरी गाडी दिसती का? तिच्या मागल्या चाकाखाली.

रविराज : तिथे पेव्हर ब्लॉक आहेत.

आप्पासाहेब : त्याच्या खाली. बुजवली.

रविराज : कधी?

आप्पासाहेब : येत्या दिवाळीत चार वर्षं हुतील. आजूबाजूच्या बिल्डिंगींचं सांडपाणी उतरलं. आख्ख्या धायरी गावात वास. मंग राडारोडा टाकून घेतला.

रविराज : गेल्या रविवारी फोनवर तुम्ही सांगितलंत, पाणी चार परस एक हातावर.

आप्पासाहेब : सांगितलं.

रविराज : त्याच्या आधीच्या रविवारी चार परसावर.

आप्पासाहेब : उन्हं वाढली. हातभर खाली जाणारच.

रविराज : आप्पा, विहीरच नाही.

आप्पासाहेब : असती तर तेवढंच असतं. चाळीस वर्षं उपसलीय ती. कालव्याला पाणी सुटलं की किती चढती, मला ठावं हाय.

रविराज : मागच्या वर्षी मी म्हटलं होतं, आकडे फार सरळ येतायत.

आप्पासाहेब : म्हणून पुढच्या रविवारी दोन हात वाकडा दिला.

रविराज : त्या दोन हातांवर मी परिषदेत वीस मिनिटं बोललोय.

आप्पासाहेब : काय बोललास?

रविराज : खालच्या खडकाला नवी भेग पडली असावी, असं.

सोजरबाई : बया. मंग?

रविराज : टाळ्या वाजवल्या लोकांनी.

आप्पासाहेब : पडली बी असंल. कोण बघायला गेलंय.

रविराज : आमच्या विभागप्रमुख बाई येतायत. परवा. बघायलाच.

सोजरबाई : त्यांना पिठलं चालंल का?

रविराज : आई.

सोजरबाई : इचारलं. पाहुणा माणूस.

रविराज : दरवर्षी पहिल्या तासाला मी आप्पांचा फोटो दाखवतो. काठावर दोर धरून उभे आहेत तो. परस म्हणजे माणसाची उंची, हे तिथल्या पोरांना यांच्याकडे बोट दाखवून शिकवतो. बारा वर्षांत माझ्या हाताखालनं गेलेल्या प्रत्येकाला आप्पांचं नाव पाठ आहे.

सोजरबाई : आमाला कधी बोलला न्हाईस.

आप्पासाहेब : कंचा फोटो?

रविराज : निळ्या स्वेटरमधला.

आप्पासाहेब : त्याची बाही उसवलेली हुती.

रविराज : दिसते. एकानं विचारलं होतं, ती मोजमापाची खूण आहे का.

आप्पासाहेब : पोरं हुशार हायेत.

रविराज : आप्पा, मला एवढंच सांगा, का केलंत? विहीर बुजवली म्हणाला असतात, मी दुसरी शोधली असती.

आप्पासाहेब : तेच.

रविराज : तेच म्हणजे?

सोजरबाई : दुसऱ्या विहिरीवाल्याला फोन केला असतास.

(आप्पासाहेब खिडकीशी जाऊन बाहेरच्या पांढऱ्या गाडीकडे बघत उभे राहतात.)

सोजरबाई : दर रविवारी साडेदहाला फोन यायचा. पाणी किती, दोर नीट धरला का, बरं, ठेवतो. बुजवली त्या रविवारी हे सांगणारच हुते. तोंड उघडलं, तर तू म्हणालास, आप्पा, आकडा.

आप्पासाहेब : घाईत हुता. वर्ग असंल.

रविराज : रविवारी वर्ग नसतो, आप्पा.

आप्पासाहेब : मग आकडा दिला. न दिला असता तर काय बोललो असतो आपण?

रविराज : दोर कुठाय?

सोजरबाई : गच्चीवर. धुणं वाळत घालते त्याच्यावर. गाठी हायेत, कपडे सरकत न्हाईत.

रविराज : मला चार वर्षांचे आकडे मागे घ्यावे लागतील. ज्यांनी माझा लेख छापलाय त्यांना आज लिहितो. बाईंना परवा इथंच सांगतो.

आप्पासाहेब : माझं नाव घाल. म्हाताऱ्यानं फसवलं म्हण.

रविराज : तसं नाही लिहिणार.

आप्पासाहेब : मंग काय लिहिशील?

रविराज : मोजणाऱ्याला मी चार वर्षांत एकदाही भेटायला गेलो नाही, असं. चूक तीच आहे.

सोजरबाई : नोकरी जाईल रे?

रविराज : नोकरी राहील. मान जाईल थोडा. जाऊ दे.

आप्पासाहेब : तुझं वाटोळं केलं मी.

रविराज : आप्पा, बसा इथे. आकड्यांचं वाईट वाटतंय, खोटं नाही बोलत. पण साडेदहाला तुम्ही फोनजवळ बसून काय सांगायचं ते ठरवत होतात, त्याचं जास्त वाटतंय.

आप्पासाहेब : दहापास्नंच बसायचो.

सोजरबाई : चहा निवला. दुसरा टाकते.

आप्पासाहेब : मग आता रविवारचं काय?

रविराज : फोन करीन की.

आप्पासाहेब : आन् इचारशील काय? पाणी तर सरलं.

रविराज : जेवलात का, झोप लागली का, गुडघा कसा आहे.

आप्पासाहेब : बरं. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नको. आईला इचारून खात्री करत जा.