शपथेऐवजी शब्द

एल्डा : अहो, लाटणं द्या इकडे. आपटून आपटून टेबलाचे टवके काढाल.

ऑर्विल : हे लाटणं नाही, अध्यक्षांचा हातोडा आहे. सिनेटच्या समितीत बायकोने मध्ये बोलायचं नसतं. हं, लोरेना व्होथ, राष्ट्राध्यक्षांनी तुमचं नाव न्यायाधीशपदासाठी पाठवलंय. आम्हाला काही प्रश्न...

लोरेना : बाबा, आधी शपथ. बुधवारी वॉशिंग्टनला तिथूनच सुरुवात होणार. उजवा हात वर, मग प्रश्न.

ऑर्विल : ते राहू दे.

लोरेना : मघाशीही तुम्ही तेवढंच गाळलंत.

ऑर्विल : पोरी, आपण मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती. शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचं नाही. रोजच खरं बोलायचं, मग शपथ कसली? या तोंडातून आजवर निघाली नाही, ती खोट्या खेळात कशी निघेल?

लोरेना : त्याबद्दलच बोलायचंय. माझी तयारी करून घेणारा तो वकील म्हणतो, सगळ्यांसारखा हात वर करा, 'शपथ घेते' म्हणा आणि मोकळ्या व्हा. कायद्यात 'शब्द देते' म्हणायची सोय आहे, पण मग धर्माचा विषय आपणच सिनेटरांच्या ताटात वाढल्यासारखा होईल. आणि कुणी विचारलंच, तर म्हणायचं, त्या घरात जन्मले, इतकंच.

ऑर्विल : तू काय म्हणालीस?

लोरेना : विचार करते म्हटलं.

ऑर्विल : दर रविवारी माझ्या शेजारी उभी राहून गातेस. ते इतकंच?

एल्डा : तिच्यावर कशाला डाफरता? इतकी वर्षं राबलीय, आता कुठे घास हातातोंडाशी आलाय.

लोरेना : मला भीती वाटते हो बाबा. मतं अगदी काठावर आहेत. आणि रागही येतो. माझं काम तपासा ना, मी रविवारी कुठे जाते ते कशाला? घटनेत स्वच्छ लिहिलंय, पदासाठी धर्माची परीक्षा घ्यायची नाही.

ऑर्विल : तू काय मानतेस याची परीक्षा नकोच. पण ते मानून तू काय करशील, असं विचारलं तर त्यात गैर काय? मलाही विचारलं होतं.

लोरेना : सक्तीच्या सैन्यभरतीच्या मंडळाने?

ऑर्विल : हो. मिसरूड फुटलं होतं नुकतं. बंदूक धरणार नाही, त्याऐवजी मनोरुग्णांच्या इस्पितळात राबेन, असं सांगायला गेलो होतो. अध्यक्ष होते गावातले धान्याच्या कोठाराचे मालक, रॉय टिबेट्स. त्यांचा एकुलता एक पोरगा कोरियाच्या लढाईत गेलेला.

लोरेना : टिबेट्स? दर मे महिन्यात, सैनिकांच्या स्मृतिदिनी, आपण ज्या कबरीवर फुलं नेतो...

ऑर्विल : त्याच पोराची ती.

लोरेना : मला वाटायचं, कुणी नात्यातलं असेल. लहानपणापासून मी तो फुलं ठेवलेला कॉफीचा रिकामा डबा मांडीवर धरून जातेय, कधी विचारलंही नाही.

एल्डा : मी विचारलं होतं, लग्न झालं त्या वर्षी. तर हे नुसते फुलं कापत राहिले.

लोरेना : काय विचारलं त्यांनी तुम्हाला?

ऑर्विल : घरात चोर शिरला आणि आईवर हात टाकला, तर काय करशील? मी म्हटलं, मध्ये उभा राहीन. मंडळातले दुसरे दोघे हसले. टिबेट्स नाही हसले. म्हणाले, 'तुझं म्हणणं मला पटत नाही. माझा पोरगा गेलाय, मला ते ऐकवतही नाही. पण तू खोटं बोलत नाहीस.' आणि सही केली.

लोरेना : बाबा...

ऑर्विल : मी जर तेव्हा गुळमुळीत बोललो असतो, तर त्या माणसाला न्यायाने वागायला जागाच राहिली नसती.

लोरेना : आणि बुधवारी समोर ते हसणारेच असले तर?

ऑर्विल : तर पद जाईल. वाईट वाटेल, मलाही वाटेल. गावभर सांगून बसलोय मी.

एल्डा : चर्चमध्ये, दवाखान्यात, न्हाव्याकडे. न्हाव्याकडे तर दोनदा.

लोरेना : विचारा मग. सगळ्यात अवघड असेल तेच विचारा.

ऑर्विल : तुमच्या कोर्टात एक सैनिक आला. लढाईत पाय गमावलेला, सरकारकडे हक्काचं मागणारा. तुमच्या वडिलांनी बंदुकीला हात लावला नाही. त्याला तुमच्याकडे न्याय मिळेल?

लोरेना : मिळेल. माझी श्रद्धा कायद्याच्या आड येतेय असं वाटलं, तर मी तसं सांगून बाजूला होईन, कायदा वाकवणार नाही. आणि सैनिकाचं म्हणाल, तर मी लहानपणापासून एका सैनिकाच्या कबरीवर फुलं नेतेय. तो आमच्या नात्यातला नव्हता, हे मला आज कळलं.

(ऑर्विल लाटणं एल्डाच्या हातात देतात.)

ऑर्विल : मला आणखी काही विचारायचं नाही.

लोरेना : सुरुवातीचं राहिलंय अजून. आई, तू घाल शपथ. तुझं माहेर लुथरन पंथाचं, तुला शपथ चालते.

एल्डा : थांब, हात पिठाचे आहेत. हं, कर हात वर. देवाला स्मरून खरं सांगेन, अशी शपथ घेतेस?

लोरेना : नाही, अध्यक्षबाई. मी शपथ घेत नाही. मी शब्द देते.

एल्डा : ऐकलंत का? अहो, माझ्या एप्रनला काय डोळे पुसताय, तिकडे फडकं आहे.

ऑर्विल : बुधवारीही अशीच सावकाश बोल, पोरी.

लोरेना : आणि नाही जमलं तर?

ऑर्विल : सोमवारी स्मृतिदिन, टिबेट्सच्या पोराला फुलं न्यायचीच आहेत. यंदा डबा मी धरतो मांडीवर. गाडी तू चालव.