नऊनंतर दहा

...आणि वर मलाच म्हणतात, 'सही कर!' अहो, कशी करायची सही? तुम्हीच सांगा. नको, थांबा, आधी सगळं ऐका. अर्धवट ऐकून मत देणारी तीन माणसं मला दर रविवारी भेटतात, तेवढी पुरेत!

तुम्हाला सांगतो, दर रविवारी सकाळी टेलरच्या दुकानात आमची बैठक असते. दुकान बंद, शटर अर्धं वर, आत वाकून शिरायचं, कंबर मोडायची आणि मग चौघांनी बसायचं. टेलर, दातांचे डॉक्टर, पोस्टमास्तर... रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण पोस्टमास्तर म्हटलं नाही तर ओ देत नाहीत... आणि मी. मी थिएटरचा ऑपरेटर. तीस वर्षं केबिनमध्ये काढली. दोन मशिनं, एक स्टूल, भिंतीत वीतभर भोक, त्यातून पडदा बघायचा. पडद्याच्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकला की हे मशीन बंद, ते चालू. एक रीळ संपतं, दुसरं लागतं, खाली बसलेल्या माणसाला पत्ता नाही. आता तिथं फर्निचरचं दुकान आहे, माझ्या केबिनमध्ये गाद्या रचल्यात, गाद्या!

तर विषय एकच, जुने पिक्चर. त्यातही भुताचे. आणि मतं काय एकेकाची! टेलर म्हणणार, "अरे, ती बाई मेली शंभर वर्षांपूर्वी आणि तिच्या झग्याला मशीनची टीप? अशा भुताला मी घाबरू?" डॉक्टर पडद्यावर फक्त तोंडात बघतात. "वरचा सुळा नकली आहे, हिरडीत बसलेलाच नाही, चावणार कसा?" आणि पोस्टमास्तर! नायिकेचं पत्र उशिरा पोचलं म्हणून ती विहिरीत उडी मारते आणि हडळ होते, तर हे खवळलेले, "पोस्टाची बदनामी आहे ही! पाकिटावर तिकीट दाखवलंय का तिकीट?"

पण एका पिक्चरवर तिघांचं एकमत. 'काकूचा पिक्चर.' बेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या थिएटरात लागला, अकरा आठवडे चालला. काय होतं त्यात? एका भरल्या घरातली मोठी काकू. आजारी पडते, मरते, सगळे रडतात... आणि पुढच्याच क्षणाला दार ढकलून काकू आत येते! जेवायच्या टेबलाशी बसते. कोणी तिच्याकडे बघत नाही. ती बोलते, कोणी उत्तर देत नाही. दिराच्या खांद्यावर हात ठेवते, तो नुसता शहारतो आणि उठून जातो. मग एकदम भिंतीवर काकूचा फोटो, आणि धाकटी नात त्या फोटोकडे बघून हसून हात हलवते. संपला पिक्चर! संगीत नाही, किंचाळी नाही. बायका खुर्च्यांखाली शिरल्या होत्या हो!

आता खरं सांगतो, जवळ या. तो भुताचा पिक्चर नव्हताच. कौटुंबिक होता. काकूवर दागिने चोरल्याचा खोटा आळ येतो, ते आठवं रीळ. घरचे तिच्याशी अबोला धरतात, ते नववं. झुरून झुरून ती मरते, ते दहावं. फोटो आणि नात, ते शेवटचं अकरावं. आणि मी दहावं आधी लावलं. नऊनंतर दहा! पहिलीतल्या पोराला विचारा, झोपेत सांगेल!

का लावलं? तर त्या दिवशी तिकीटखिडकीवरची मुलगी पहिल्यांदा केबिनमध्ये आली होती. मीच बोलावली होती, "भोकातून पिक्चर वेगळा दिसतो" म्हणून. सहा महिने धीर गोळा करत होतो! ती भोकाला डोळा लावून बघते आहे, मी तिच्याकडे बघतो आहे, कोपऱ्यात ठिपका चमकला, हाताला डबा लागला तो लावला, पुढच्या ठिपक्याला उरलेला लावला... ती म्हणाली, "अहो, ही मेली होती ना आता?" मी म्हटलं, मेली नाही, मेलो!

मालक जिन्यावरून धापा टाकत वर. मी मान खाली घातली. तर मालक म्हणतात, "काय केलंस रे? बाहेर रांग लागलीय! आता असाच चालव, आणि कुठं बोललास तर याद राख." पेंटरला बोलावून पोस्टरवरच्या काकूचे डोळे पांढरे केले. बाहेरगावी तो पिक्चर तीन दिवसांत उतरला, त्यामुळे विचारायला कोणी आलं नाही. पुढं मालक वारले. गुपित राहिलं दोघांत, मी आणि ती तिकिटवाली. म्हणजे आमची ही.

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं ना मित्रांना, बेचाळीस वर्षं काय पोटात ठेवलंस? अहो, सांगणारच होतो! पण टेलर. पिक्चर लागला त्याच्या आधी महिनाभर त्याची आई गेली होती. तो पिक्चर बघून घरी गेला आणि आईच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून तासभर बोलला. राहिलेलं सगळं बोलला. "त्या काकूला कोणी उत्तर दिलं नाही रे, मला फार वाईट वाटलं, म्हटलं, आपली आई बसली असेल तर तिला तसं वाटायला नको." हे त्यानं मला सांगितलंय, डोळे पुसत. अशा माणसाला काय सांगू? की ते भूत नव्हतं, माझं लक्ष एका मुलीकडे होतं?

आणि गेल्या रविवारी डॉक्टर नाचत आले. "सूनबाईनं शोधला! काकूचा पिक्चर! स्वच्छ प्रत! दुपारी आमच्याकडे, मोठ्या टीव्हीवर!" म्हटलं, डोळे दुखतायत. डॉक्टर म्हणाले, "दात असता तर बघितला असता, या गुपचूप." म्हटलं, वीज जाईल. म्हणाले, "इन्व्हर्टर आहे." गेलो. बसलो. टेलर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता हो, लग्नाला यावं तसा!

आणि लागला पिक्चर. आठवं संपलं... आणि आलं नववं. काकू जिवंत, अबोला, टेबल, सगळं सरळ. मग दहावं, काकू मेली. रडारड. अकरावं, फोटो. नातीनं हात हलवला. सगळं कसं... शहाण्यासारखं! मी टेलरकडे बघायचं टाळत होतो.

आणि डॉक्टर एकदम उसळले, "वाट लावली! मूर्खांनी क्रम उलटा लावला!"

पोस्टमास्तर म्हणाले, "हल्ली कशाचा कशाला मेळ नाही. आपल्या थिएटरात कसा चोख होता! आपला माणूस होता वर!" आणि माझी पाठ थोपटली!

मला राहवेना. उभा राहिलो. म्हटलं, "हे बरोबर आहे. मीच चुकलो होतो. नऊच्या आधी दहा मी लावलं." सांगून टाकलं! बेचाळीस वर्षांचं ओझं उतरलं!

तर हसले! डॉक्टर म्हणाले, "मोठेपणा बघा याचा, कंपनीची चूक स्वतःच्या अंगावर घेतोय." पोस्टमास्तर म्हणाले, "वय झालंय, विसरतो हल्ली." आणि कागद काढला, चित्रपट कंपनीला तक्रार, 'क्रम त्वरित सुधारावा', खाली जाणकार म्हणून माझी सही!

मी नाही म्हणून तडक बाहेर पडलो. जिन्यात टेलरनं दंड धरला. हळूच म्हणाला, "आत बोललास ते खरं ना?"

म्हटलं, "हो रे. माफ कर."

त्यानं माझी कॉलर सरळ केली. मग म्हणाला, "माप घेणारा माणूस आहे मी. बाही कुठली न् कॉलर कुठली, एवढं मला कळतं. काकू जिवंत होती ते मघाशीच कळलं." पुढे म्हणाला, "पण मी आईशी बोललो ते बोललो ना? तू नीट लावला असतास तर राहूनच गेलं असतं." आणि खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. "आत चल. सही कर."

आता बोला! केली सही. ठसठशीत केली. पोस्टमास्तरांनी सोमवारी सकाळी स्वतः रजिस्टर केलं. घरी येऊन हिला सगळं सांगितलं, म्हटलं, आता तरी जरा बरं बोलशील. सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारते काय...

"पत्त्यावरचा पिनकोड तुम्ही नाही ना लिहिलात?"