थ्रेडचा रुमाल

आमच्या अण्णांना कंप्युटरमधलं काही कळत न्हाय, असं मी लई दिवस समजत होतो. अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीतले रिटायर कंडक्टर. मी आमच्या तेर गावात घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतो. त्या दिवशी दुपारी गिऱ्हाइकाला सर्व्हर दाखवायचा होता, आन् तो सारखा आडवा पडत होता.

"काय झालं रं?"

"अण्णा, हजारो कनेक्शन येतात. प्रत्येकाला एक थ्रेड, म्हणजे राबणारा एक गडी. हरेक गड्यासाठी आठ एमबी मेमरी आधीच अडवून ठेवलीय. नव्याला जागाच उरत न्हाय."

"आन् वापरतो किती?"

"चिमूटभर."

"मग? एकानंच आख्ख्या बाकड्यावर रुमाल टाकला तर बाकीच्यांनी बसायचं कुठं? रुमाल लहान कर!"

पटलं. जोशात मी आठ एमबीचे पार सोळा केबी केले. पाच मिनिटांत सर्व्हर पुन्हा आडवा! जागा पुरली न्हाय म्हणून एक थ्रेड शेजारच्याच्या मेमरीत घुसला होता.

अण्णांनी कपाळावर हात मारला. "लेका, रुमाल लहान कर म्हणलं, शेजारच्याच्या मांडीवर बसव म्हणलं न्हवतं!"

शेवटी दोनशे छप्पन केबी ठेवले. सगळे नीट बसले. तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला, "टिंग टिंग! जाऊ द्या!"